बंड्या कुत्राच होता

आबांना राग आला की ते आधी डोक्यावरची टोपी काढायचे, गुडघ्यावर दोनदा आपटायचे, पुन्हा डोक्यावर ठेवायचे आणि मग विचारायचे, "डोकं हाय का खोकं?" हा प्रश्न त्यांनी वायरमनला विचारलेला मी ऐकलाय, मतं मागायला आलेल्यांना विचारलेला ऐकलाय, आणि मला तर रोजच विचारायचे. उत्तराची वाट त्यांनी कधी पाहिली नाही.

लासुर्ण्याच्या शाळेत मला नोकरी लागली आणि बारामतीहून रोजची ये-जा झेपेना, म्हणून आबांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. टेम्पोतून सामान उतरत होतं, तर आबा समोर कमरेवर हात ठेवून उभे. "मास्तरीणबाई, पानी सांडायचं न्हाय, मोठ्यानं टीव्ही लावायचा न्हाय, आन् कुत्र्याला भ्यायचं न्हाय."

मी म्हटलं, "मी कुणालाच भीत नाही."

"मंग ऱ्हावा," म्हणाले. आमचं तिथंच जमलं. तापट माणसं एकमेकांना लगेच ओळखतात, तुम्हीही पाहिलं असेल.

कुत्रा म्हणजे बंड्या. गावठी, तांबूस, एक कान कायमचा पडलेला. आबांनी जन्मभर ट्रॅक्टरनं ऊस वाहिला, आणि शेवटच्या काही हंगामांत हा बंड्या मडगार्डवर बसून कारखान्याच्या गेटपर्यंत जायचा. वाटेत कुणी ट्रॉलीतला ऊस ओढायला लागलं की भुंकून आभाळ डोक्यावर घ्यायचा. आबा त्याला दिवसभर शिव्या घालायचे. "खा की मेल्या! का आता माझा जीव खातूस?" असं म्हणत भाकरी दुधात कुस्करून द्यायचे. दुसऱ्या कुणी कुस्करलेली तो खात नसे. म्हातारपणी त्याचे मागचे पाय गेले, तेव्हा आबा त्याला उचलून अंगणात न्यायचे आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "मी काय तुझा नोकर हाय का?" लाडाचा एक शब्द त्या माणसाच्या तोंडून मी ऐकला नाही. पण बंड्या झोपायचा तो त्यांच्या पायांवर मान टाकूनच.

उन्हाळ्यात एका सकाळी बंड्या उठला नाही. आळी जमली. माणूस आजारी असताना न फिरकणारे लोक सल्ला द्यायला कसे धावतात बघा! एक जण म्हणाला, "आबा, चारीत सोडा, पान्यासंगं जाईल." चारी म्हणजे कालव्याची आमच्या शिवारातून जाणारी पोटशाखा. त्या पाण्यावर बाया धुणी धुतात, गुरं पितात, आणि त्यातून काय काय वाहत येतं ते मी रोज शाळेत जाताना बघते. माझं तर डोकंच फिरलं. पण आबांची टोपी माझ्या आधी निघाली होती.

"ते पानी म्हशी पित्यात! डोकं हाय का खोकं?"

आबांच्या सुनेनं खताचं रिकामं पोतं आणलं, ते त्यांनी भिरकावून दिलं. इंदापूरच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं. हेच आम्हाला नवल. डॉक्टरांनी सांगितलं, बोअरपासून लांब पुरा, छातीइतका खड्डा घ्या, प्लास्टिकमध्ये बांधू नका, वरून चुना टाका, आणि कुणी उकरू नये म्हणून दगड ठेवा. मुलगा बारामतीला कंपनीत कामावर गेलेला. आबांनी परसातल्या कडुलिंबाखाली एकट्यानं खणायला घेतलं. मी दुसरं फावडं घेतलं तर, "तुमी शाळा बघा," म्हणाले. मी गेले नाही. बंड्याला त्यांनी आपल्या धुवट धोतरात गुंडाळून खाली ठेवला, चुना टाकला, माती लोटली, आणि बांधावरचा एक उभट दगड आणून वर रोवला. बादलीत चुना उरला होता. कुणी ठेचकाळू नये म्हणून तो त्यांनी दगडाला फासला.

चूक झाली ती इथं. कडुलिंबाचं झाड, खाली उभा दगड, त्याला पांढरा चुना. आपल्याकडं याचं पुढं काय होतं, ते तुम्हाला सांगायला हवं का?

परसामागून शिवारात जायची पाऊलवाट आहे. खुरपायला जाणाऱ्या एका पोरसवदा बाईनं पहिल्यांदा हळदीकुंकू वाहिलं. आबा टोपी आपटतच गेले. "अगं बाय, कुत्रं हाय त्यात!" ती म्हणाली, "असूं द्या आबा. पोराचा ताप उतरंना झालाय." आबांनी टोपी डोक्यावर ठेवली, सुनेला हाक मारली आणि तिला चहा द्यायला सांगितला. त्या बाईवर मीही कधी रागावले नाही.

पण बाकीचे! आठवड्यात शेंदूर आला, नारळ आला. कुणाची तरी हरवलेली म्हैस नवस बोलल्यावर घरी परत आली, झालं, 'जागृत' म्हणून बोभाटा झाला. म्हैस संध्याकाळी घरी येते, तिला नवस लागत नाही, हे मी चार बायांना सांगितलं. त्या माझ्याकडं दयेनं बघत राहिल्या. आबा तर खुर्ची टाकून दगडाशेजारीच बसायला लागले. येईल त्याच्यावर ओरडायचे, "कुत्रं हाय! बंड्या हाय माझा!"

एक म्हातारी हात जोडूनच म्हणाली, "बंडोबा म्हनावं आबा. देवाचं नाव आसं घिऊ न्हाय."

मला हसू फुटलं. आबांनी ते पाहिलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग अमावास्येला कोंबडं आलं. नैवेद्य दाखवायचा, तिथंच खायचं आणि हाडं तिथंच टाकून हात झटकत निघायचं. हाडांवर गावातली मोकाट कुत्री यायला लागली. ज्या दगडानं बंड्याला राखायचं, त्याच्याच भोवती ही झुंबड! मी झाडू घेऊन उभी राहायचे. "मॅडम, तुमी बाहेरच्या, तुमाला न्हाय कळायचं," असं मला ऐकवलं गेलं. हाडं उचलायला गावातलंच माणूस लागतं का हो? गावातल्या तरुण मंडळींचा तिथं चौथरा बांधायचा, वर पत्रा टाकायचा बेत शिजत होता. सूनही म्हणायला लागली, "आबा, गावाचं मन कशाला मोडायचं?" तिला परसात देव मिळाला होता. आबांना त्यांचा कुत्रा तिथं गपचूप पडू द्यायचा होता. एवढंच हवं होतं त्यांना, दुसरं काही नाही.

दिवाळीनंतर ते इंदापूरला डोळे दाखवायला गेले. मी शाळेत. ती वेळ साधून मंडळींनी चौथऱ्यासाठी पाया खणला. खणता खणता खाली पांढरं लागलं. चुना तो! या शहाण्यांनी आरोळी ठोकली, "विभूती निघाली!" चिमटी चिमटी कपाळाला लावली, घरी पुडीत बांधून नेली. आणखी खाली धोतराचा काठ दिसला, तेव्हा मात्र एकेकाची पाचावर धारण बसली आणि सगळे खड्डा तसाच उघडा टाकून पळाले. मग कुत्री आली.

मी शाळेतून आले आणि आबा एस.टी.तून उतरून आले, ते एकदमच. दगड कलंडलेला. धोतर फाटून वर ओढलेलं. मी आळीच्या मध्ये उभी राहून जे बोलले ते इथं लिहिता येत नाही, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. आबांनी टोपीला हातच लावला नाही. ते गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी ते धोतर आत सारायला लागले. "गप, गप ऱ्हा," म्हणत होते. "आलोय मी. गप ऱ्हा आता."

मुलगा कामावरून यायच्या आत आम्ही दोघांनी खड्डा बुजवला. दगडाला हात लावायला आळीतलं कुणी पुढं येईना. मग आबांनी घरातून घण आणला आणि घाव घालायला सुरुवात केली. लोक लांब उभे राहून ओरडत होते, "आबा, कोप हुईल!"

"हुं द्या! माझ्या एकट्यावर हुं द्या!"

दगडाच्या ठिकऱ्या त्यांनी घमेल्यात भरल्या आणि दारासमोरच्या रस्त्यातल्या खड्ड्यात ओतल्या. तो खड्डा कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच भरला.

मला वाटलं, संपलं. आबांना तसं वाटलं नव्हतं. "आज फोडला, उद्या दुसरा आनत्याल," म्हणाले. "दगडाला काय तोटा हाय?" थोड्या दिवसांनी बारामतीत गावातल्या कुणाचं तरी लग्न निघालं. सगळी आळी गाड्या भरून गेली, सून आणि मुलगासुद्धा. आबा दुखण्याचं निमित्त करून मागं राहिले, मी पेपर तपासायचे म्हणून. भर दुपारी आम्ही बंड्याला कडुलिंबाखालून काढला. नवं धोतर, नवा चुना. परसाच्या पार दुसऱ्या टोकाला, बोअरपासून लांब, त्याच्यासाठी पहिल्यापेक्षा खोल जागा केली. वर बाभळीच्या फांद्या, त्यावर जुन्या फरश्या, त्यावर माती. दगड नाही, खूण नाही. त्यावर आबांनी वाफा ओढला आणि म्हशीसाठी घास पेरला.

"आता करा म्हनावं घासाची पूजा," म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "बाई, हे तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या." त्यांनी मला नुसतं बाई म्हटलं ते तेवढंच एकदा.

थंडीतच आबा गेले. साखर वाढलेली, रक्तदाब होता, गोळ्या चुकवायचे आणि विचारलं की माझ्यावरच खेकसायचे. हृदयविकाराचा झटका आला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं. अंगणात माणसं जमली आणि मी माझ्या कानांनी ऐकलं, "बंडोबा कोपला." लाज वाटायला हवी होती! शिव्या खाऊनही ज्या जनावरानं त्या माणसाच्या पायांवर मान टाकली, ते कोपणार? आणि कोपलंच असतं, तर ते घण घालणाऱ्यावर कशाला कोपलं असतं? मी उठून बोलणार होते. पण आबांची सून रडत माझ्या खांद्यावर पडली, आणि मी तिला धरून बसले.

तेराव्यानंतर शांती करायची म्हणून कडुलिंबाखाली नवा दगड आला. सुनेनं स्वतः हळदीकुंकू वाहिलं. आता चौथरा आहे, पत्रा आहे, घंटासुद्धा आहे. माझ्या शाळेतली पोरं परीक्षेच्या दिवशी तिथं थांबून नमस्कार करतात आणि मी दिसले की पळतात. घासाच्या वाफ्याला मीच पाणी देते. सून एकदा म्हणाली, "मॅडम, तुमाला शेतीचा नाद कधीपास्नं?" मी म्हटलं, "म्हशीचं दूध मीच पिते ना."

अमावास्येला मंडळी जेवून गेली की अजूनही कुत्री जमतात. हाडं संपली की चौथऱ्याच्या कडेनं पायांनी माती उकरतात. मी पायरीवर बसून बघते, झाडू घेत नाही. खाली काही नाही. थोडा वेळ उकरतात, वास घेतात आणि निघून जातात.