टोपलीखालचं पीठ

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तांदळातले खडे वेचणं. सूप मध्ये ठेवून समोरासमोर बसलो होतो. मुलगी साकोलीहून सुटीला आली होती. ती शाळेत विज्ञान शिकवते. तिनं मोबाइलवरचा एक फोटो आमच्या पुढ्यात धरला. मधोमध उजेड, भोवती धुळीची चकती, चकतीत काळ्या गोल रेघा.

"जातं दिसते," बायको म्हणाली. "भोवती पीठ सांडलं."

"तारा आहे माय, नवा. ही त्याच्याभोवतीची धूळ. कणाले कण चिकटतात, त्याचे गोटे होतात, गोटे एकमेकावर आदळून ग्रह बनतो. मंग तो आपल्या वाटेवरची धूळ ओढून घेते. ह्या काळ्या रेघा म्हणजे त्या वाटा. आपली धरती अशीच झाली."

"किती दिवसात?"

"लाखो, करोडो वर्षं लागतात."

"अन् यायले एका सुपात कंटाळा येते," बायको माझ्याकडे पाहून म्हणाली.

"तू खडे ठेवून तांदूळच फेकून राहिली," मी म्हटलं.

ती हसली. मग मुलीनं जे सांगितलं ते सांगायला नको होतं. सगळे ग्रह टिकत नाहीत म्हणे. मोठा ग्रह जवळून गेला की लहान्याला ढकलतो. एखादा आपल्या ताऱ्यापासून सुटतो आणि अंधारात एकटाच फिरत राहतो.

बायकोचा हात सुपात थांबला. "त्याले कोणी वापस नाही आणत?"

"नाही माय."

"कायले बनला मंग?"

जेवून ती आडवी झाली. दोन वाजता चहाला हाक मारली तर उठली नाही. डॉक्टर आला, मान हलवून गेला. सूर्य बुडायच्या आत तिला जाळून आलो. जाळून म्हणतो, दुसरा शब्द मला येत नाही. चौथी शिकलेला माणूस आहे मी.

आमच्याकडे माणूस जिथं गेला ती जागा सारवतात. त्यावर पीठ पसरतात, मधोमध दिवा ठेवतात, वरून टोपली झाकतात. सकाळी घरातली जाणती बाई टोपली उचलून पिठात कसला ठसा उमटला ते पाहते. पाखराचा पाय, गाईचा खूर, मुंग्यांची वाट. माणूस कोणत्या जन्माला गेला ते त्यावरून ठरवतात. ठसा नसला तर जीव कुठंच पोचला नाही, भटकतोय. आईच्या वेळी मी हे पाहून हसलो होतो. या वेळी मला फक्त ठसा पाहिजे होता. किड्याचा असला तरी चालला असता. अंधारात एकटी फिरते आहे एवढं मला ऐकायचं नव्हतं.

वहिनीनं पीठ चाळून एकसारखं पसरलं. दिव्यात पळीभर तेल घातलं. "भाऊजी, उजाडेपावतर कोणी पाहाचं नाही. अर्ध्यात पाहिलं त जीव अर्ध्यातच रायते."

मी उजाडायच्या आधी पाहिलं. चूक म्हणा. टोपलीच्या फटींतून दिव्याचा उजेड अजून येत होता आणि पळीभर तेल पहाटेपर्यंत पुरत नाही. उचलली. दिवा जळत होता. त्याच्याभोवती पिठात एक गोल वाट पडली होती, बोटभर रुंद, खाली सारवण दिसत होतं. कुठं तुटलेली नाही. वाटेवर एका जागी बोराएवढा पिठाचा गोळा.

उंदीर असता तर पाय उमटले असते. वारा असता तर दिवा विझला असता. मी वाकलो. गोळा जरासा पुढं सरकला. माझाच श्वास लागला असेल म्हणून श्वास धरून बसलो. पुन्हा सरकला, तांदळाच्या दाण्याएवढा.

आत किडा असेल. फोडला असता तर कळलं असतं. मी बोट नेलं. गोळा कोमट होता. दिव्यानं झाला असेल. बोट तसंच ठेवलं, दाबलं नाही.

अंगणात चपला वाजल्या. "भाऊजी, उजाडलं," वहिनीचा आवाज. "टोपली उचलली त नाही ना?" मागून मुलगी रडत येत होती.

"नाही उचलली," मी म्हटलं. टोपली होती तशी झाकली आणि दाराला आतून कडी घातली.

"बाबा, दार काहून लावलं?"

"थांबा," मी म्हटलं. "अजून होऊन राहिलं."