सिलोनवरची शीळ

"या मशीनमधून बाहेर काही जातं का? हो की नाही, एवढंच सांगा," फौजदार म्हणाले.

टेबलावर हाताने बांधलेला दोन वॉल्व्हचा रेडिओ होता. त्याची एरियल, म्हणजे तांब्याची तार, खिडकीतून निघून अंगणातल्या चिंचेपर्यंत गेली होती. टेबलामागे सेटचा मालक मार्तीन उभा. हा मूळचा स्पेनचा, ठाण्यातल्या एका गिरणीत फिटर होता आणि नौपाड्यात भाड्याच्या खोलीत एकटा राहायचा. दारात शेजारचे आबासाहेब, रिटायर्ड मामलेदार. तक्रार त्यांचीच होती. माझ्या बाजूला नाना, माझे मालक. स्टेशनजवळच्या त्यांच्या रेडिओच्या दुकानात मी सर्व्हिसिंग करायचो.

काळ पन्नास सालानंतरचा. रेडिओ उघडून बसणारे ठाण्यात बरेच होते, पण फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेला आमच्या धंद्यात मी एकटाच. माझे वडील मिठागरावर कामाला होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं दार पाहिलं नव्हतं. नानांनी दुकानाच्या पाटीवर माझं नाव डिग्रीसकट रंगवून घेतलं होतं, आणि ती पाटी वाचूनच फौजदारांनी मला बोलावलं होतं. मला त्या पाटीचा अभिमान होता. आजही आहे.

तक्रार साधी होती. आबासाहेबांच्या पत्नी, माईसाहेब, अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या. सकाळी रेडिओ सिलोनवरची गाणी एवढाच त्यांचा विरंगुळा. सिलोन लागायचं शॉर्टवेव्हवर. गेले काही महिने गाणं रंगात आलं की मध्येच लांबलचक शीळ वाजायची, चढायची, उतरायची आणि जायची. आबासाहेबांनी आपला सेट आमच्याकडे दोनदा पाठवला. त्यात दोष नव्हता. मग त्यांच्या लक्षात आलं की शीळ वाजते तेव्हा मार्तीनच्या खोलीत दिवा असतो. परदेशी माणूस, झाडावर तार, सकाळी दार लावून बसतो, आतून परक्या भाषेत कुजबुज. आबासाहेबांनी अर्ज ठोकला: हा गुप्त ट्रान्समीटर आहे.

ट्रान्समीटर म्हणजे संदेश पाठवण्याचं यंत्र. ते सिद्ध झालं असतं तर मार्तीनचा इथे राहण्याचा परवाना गेला असता आणि त्याची रवानगी स्पेनला झाली असती. तिथल्या यादवी युद्धात तो हरलेल्या बाजूने लढला होता. बंदरावर उतरल्या उतरल्या तुरुंग, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

मी सेट तपासला होता. म्हणालो, "जातं."

नानांनी माझ्या पायावर पाय दिला. मार्तीन खाली बसला.

"बघा!" आबासाहेब म्हणाले. "मी काय वेडा म्हणून अर्ज केला?"

"पूर्ण ऐका," मी म्हणालो. "शीळ जाते. शब्द जात नाही."

हे वाचकांनाही सांगायला हवं. असल्या सेटमध्ये रिअ‍ॅक्शन नावाचं एक बटण असतं. आलेला क्षीण आवाज वॉल्व्हमधून, म्हणजे आतल्या काचेच्या नळीतून, मोठा करायचा, त्यातला थोडा परत त्याच वॉल्व्हला पाजायचा, म्हणजे तो आणखी मोठा होतो. फार दूरचं स्टेशन ऐकायचं तर बटण अगदी कडेपर्यंत न्यावं लागतं. कडेच्या जरा पुढे गेलं की सेट स्वतःच गायला लागतो, आणि ते गाणं एरियलवाटे बाहेर पडतं. पाचपन्नास पावलांवरच्या रेडिओत त्याची शीळ होते. त्यापलीकडे काही नाही.

"मग 'नाही जात' असं लिहून मोकळे व्हा," फौजदार म्हणाले. माणूस वाईट नव्हता.

"तसं लिहिलं आणि उद्या सकाळी माईसाहेबांच्या गाण्यात शीळ वाजली, तर?"

"पाटील, तुझी डिग्री आपल्या सगळ्यांना जेलात नेणार," नाना पुटपुटले.

मी फौजदारांकडे शनिवारपर्यंतची मुदत मागितली. ते कबूल झाले. जाताना आबासाहेबांनी विचारलं, "पण हा एवढं कडेपर्यंत जाऊन ऐकतो तरी काय?"

तोच प्रश्न मी मार्तीनला विचारला. तो गिरणीत शिकलेल्या हिंदीत बोलायचा. म्हणाला, "बहन को ढूंढता है."

त्यांचं गाव समुद्रकाठचं, मासेमारीचं. गावात एक लहानसं रेडिओ स्टेशन होतं. बहीण पिलार तिथे निवेदिका. युद्ध हरल्यावर पळापळीत ती कुठल्याशा बोटीवर चढली. बोट अमेरिकेकडे गेली एवढंच त्याला कळलं होतं. अमेरिका म्हणजे मेक्सिको, क्यूबा, चिली, आर्जेंटिना, काहीही. ठिकठिकाणी पत्रं टाकून झाली, उत्तर नाही. "तिला दुसरं काम येत नाही," तो म्हणाला. "जिवंत असेल तर कुठल्या तरी स्टेशनवर बोलत असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे अमेरिकेत रात्र असताना, मी त्याच्यासोबत हेडफोनची एक बाजू कानाला लावून बसलो. मला वाटत होतं स्पॅनिश म्हणजे स्पेन, स्पेन म्हणजे माद्रिद. मार्तीनने काटा फिरवत मला एक जग दाखवलं. माद्रिद संध्याकाळी लागायचं आणि देवळातल्या प्रवचनासारखं बोलायचं. ते लागलं की तो काटा पुढे ढकलायचा. लंडन आणि मॉस्कोही स्पॅनिशमधून बातम्या द्यायचे, लंडन जपून, मॉस्को ठासून. मॉस्कोचे काही आवाज त्याच्यासारख्याच परागंदा लोकांचे, त्याने बोलीवरून ओळखलेले. सकाळी मात्र समुद्रापलीकडची मंडळी यायची. क्यूबाचं हवाना घाईत, शब्दांची शेपटं गिळत, मध्येच साबणाची जाहिरात. दक्षिण अमेरिकेतल्या कीटोहून मिशनऱ्यांची भजनं. ब्यूनस आयर्सचा माणूस बोलतोय की गातोय कळू नये. एकच भाषा, पण आमच्याकडे मिठागरावरचा माणूस, सदाशिव पेठेतला आणि मालवणचा जितके वेगळे, तितकी वेगळी.

"इतक्या वर्षांत बहिणीची बोली बदलली असेल. ओळखणार कशी?"

"रात्री कार्यक्रम संपवताना ती एक वाक्य म्हणायची. जे समुद्रावर आहेत त्यांना शुभ रात्र. आमच्या गावात निम्मे बाप समुद्रावर असायचे. ते ती सोडणार नाही."

असं म्हणता म्हणता हवाना विरायला लागलं. त्याचा हात आपसूक बटणावर गेला. मी धरला नसता तर तिकडे माईसाहेबांच्या गाण्यात शीळ गेली असती.

उपाय कठीण नव्हता. एरियल आणि सेट यांच्यामध्ये मी तिसरा वॉल्व्ह बसवला. त्याचं काम देवडीवरच्या शिपायाचं. बाहेरचा आवाज आत सोडायचा, आतला बाहेर सोडायचा नाही. शनिवारी सकाळी फौजदार आबासाहेबांच्या घरी माईसाहेबांच्या पलंगाशी बसले. सिलोन लावलं. इकडे मी मार्तीनच्या सेटचं बटण कडेच्या पार पुढे पिळलं. सेट नुसता किंचाळत होता. थोड्या वेळाने समोरच्या खिडकीत आबासाहेब आले आणि त्यांनी दोन्ही हात हलवले. शीळ नाही. मागून माईसाहेबांचा आवाज आला, "अहो, खिडकीतून बाजूला व्हा, गाणं ऐकू द्या!"

मी लिहून दिलं: "हा सेट ट्रान्समीटर नाही. रचनेतल्या दोषामुळे पूर्वी त्यातून शीळ बाहेर जात होती. दुरुस्तीनंतर जात नाही." खाली सही, आणि सहीपुढे बी.एस्सी.

"मधलं वाक्य गाळा," फौजदार म्हणाले.

"ते खरं आहे."

"खरं आहे म्हणूनच म्हणतो."

मी गाळलं नाही.

मार्तीनचा परवाना टिकला. पण वरच्या ऑफिसात कोणीतरी नेमकं मधलं वाक्य वाचलं. हुकूम आला, सेट तपासणीसाठी जमा करा. फौजदार स्वतः येऊन घेऊन गेले. तो सेट परत आला नाही. तार चिंचेवर लोंबत राहिली. नाना म्हणाले, "घे. आणखी लिही खरं." मार्तीनने माझ्यासमोर ते रिकामं टेबल पुसून घेतलं. ते जास्त जड गेलं. तरी सांगतो, आज लिहायचं झालं तर मी तेच लिहीन. ते वाक्य नसतं आणि पुढे कोणी शीळ ऐकल्याचं सांगितलं असतं, तर सेट नाही, माणूस जमा झाला असता.

काही दिवसांनी आबासाहेब दुकानात आले. मला वाटलं नवी तक्रार.

"पाटील, माझ्या सेटवर ती क्यूबा, चिली वगैरे लागतात का हो?"

"एरियल उंच केली तर लागतील."

"मग करा. त्या चिंचेवरची त्याची तार वापरा." मग म्हणाले, "हिने दोन दिवस जेवण टाकलंय. म्हणते, माझ्या गाण्यापायी त्या माणसाची बहीण हरवली. सकाळी आधी त्याचं होऊ दे, मग माझं सिलोन."

तेव्हापासून सकाळी मार्तीन माईसाहेबांच्या खोलीत बसू लागला. आबासाहेब काटा फिरवायचे. सहा महिन्यांत मामलेदारांना एक शब्द कळत नसताना हवाना कुठलं, कीटो कुठलं, ते सांगता येऊ लागलं. "हा साबणवाला," म्हणायचे. "पुढे चला."

पिलार सापडली नाही. दोन वर्षांनी मार्तीनला मेक्सिकोतल्या एका गिरणीत काम मिळालं आणि तो गेला. जाण्याआधी त्याने ते शुभ रात्रीचं वाक्य आबासाहेबांना शिकवलं. त्यांनी ते संध्येच्या मंत्रासारखं घोकून पाठ केलं.

पुढे एकदा त्यांच्या सेटचा वॉल्व्ह बदलायला मी सकाळीच गेलो. काम झाल्यावर सवयीने सिलोन लावलं. माईसाहेब उशीवरूनच म्हणाल्या, "ते नंतर हो. आधी तिकडचं लावा."

आबासाहेबांनी काटा फिरवला. खरखरीतून एक बाई बोलत होती. दोघंही तिचा कार्यक्रम संपेपर्यंत ऐकत राहिले.

"नाही," आबासाहेब म्हणाले. "ही नव्हे." आणि मग त्यांनी सिलोन लावलं.

रेडिओच्या धंद्यात मी पुढे बरीच वर्षं काढली. कागदावर खरं लिहावं, हे मी कॉलेजात शिकलो होतो. लिहिल्यावर त्याचं ओझं कुणातरी शेजाऱ्याला उचलावं लागतं, हे नौपाड्यात शिकलो.