हरलेल्या फौजेची काळजी

जगात कुठेही युद्ध पेटलं तरी कोण जिंकणार याची जराही उत्सुकता नसलेला माणूस मी एकच पाहिला: घाटकोपरच्या आमच्या इमारतीतले दुसऱ्या मजल्यावरचे काका. टीव्हीवर रणगाडे सीमा ओलांडताना दिसले की बाकीचे लोक नकाशे बघायचे. काका मात्र अस्वस्थ होऊन विचारायचे, "ते ठीक आहे, पण हरणाऱ्यांच्या सैन्याचं पुढे काय करणार?" शाळेत आम्ही इतिहास इंग्रजीतून पाठ केला, त्यात तह झाला की युद्ध संपायचं आणि धडाही. काकांचं सगळं तिथून पुढे सुरू व्हायचं. खरं तर त्यांचं आयुष्य विम्याच्या ऑफिसात गेलं आणि कॉलेजात एनसीसीनेही सपाट तळव्यांमुळे त्यांना परत पाठवलं होतं. पण परक्या देशांतल्या पराभूत शिपायांची काळजी ते अशी करायचे, की जणू ते सगळे रात्री त्यांच्याच गॅलरीत झोपायला येणार होते.

त्यांचं म्हणणं भाजीवाल्यापासून डेंटिस्टपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. डेंटिस्टला तर ते त्यांनी तोंडात कापूस असताना ऐकवलं होतं. "ज्यांनी अत्याचार केले त्यांच्यावर खटले भरा. पण बाकीचे कोण असतात? ड्रायव्हर, स्वयंपाकी, कारकून. त्यांचा पगार चालू ठेवा, पूल बांधायला लावा, सकाळी उठून जायला जागा द्या. बंदूक चालवता येणारा माणूस रिकामा घरी पाठवलात ना, तर तो घरी बसत नाही." बुद्धिबळात मारलेली प्यादी ते डब्यात टाकू द्यायचे नाहीत, पटाशेजारी ओळीने उभी करायचे आणि अधूनमधून त्यांच्याकडे बघून घ्यायचे. सून घरात आली तेव्हा स्वयंपाकघराचा ताबा तिच्याकडे गेला, पण मिसळणाचा डबा काकूंकडेच राहील असं काकांनी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं. "फोडणी त्यांची, बाकी राज्य तुझं," असं ते सुनेला म्हणाले. काकू म्हणाल्या, "मला हरवलं कोणी ते आधी सांगा." पण डबा त्यांनी सोडला नाही, आणि त्या घरात भांडण झालेलं मी तरी ऐकलं नाही.

मग सोसायटीची निवडणूक आली आणि काकांच्या पॅनलने माझ्या बाबांना पाडलं. बाबा इतकी वर्षं सेक्रेटरी होते की बँकेतून निवृत्त झाल्याचं त्यांना फारसं जाणवलंच नव्हतं. बिल्डरच्या करारातलं प्रत्येक कलम तपासल्याशिवाय रिडेव्हलपमेंटला सही करणार नाही, असं ते म्हणायचे. लोक थांबून कंटाळले होते. निकालानंतर बाबा रोजच्यासारखे पहाटे उठायचे, पाण्याची टाकी बघायला जायचं म्हणून शर्ट घालायचे आणि पुन्हा पलंगावर बसायचे. आठवडा असा गेला. मग जुन्या कमिटीतले बाकीचे तिघे संध्याकाळी आमच्याकडे जमू लागले. दार लावून, हळू आवाजात, निवडणुकीवर स्टे कसा आणायचा याची खलबतं सुरू झाली. आई म्हणाली, "यांचं असंच चाललं तर बिल्डिंग पडेल, पण नवीन काही उभं राहणार नाही." बाबांच्या चेहऱ्यावर तरतरी आली होती, पण ती बघून मला बरं वाटत नव्हतं.

अशाच एका संध्याकाळी बेल वाजली. मी दार उघडलं, तर काका.

"काय सेक्रेटरी, चहा आहे का?"

"सेक्रेटरी आता तुमच्या पॅनलमधला तो तिसऱ्या मजल्यावरचा पोरगा आहे," बाबा म्हणाले.

"त्याचंच सांगतो. तो म्हणतो, जुन्या कमिटीतला एकही माणूस नको, एकदम साफ. मी म्हटलं, मग मीही नको." काका वेताच्या स्टुलावर बसले. "बिल्डरचा करार आलाय. जाडजूड आहे. तो वाचायला तुम्ही चौघे हवेत."

"शरण यायचं म्हणता?"

"छे हो. कामावर या म्हणतोय."

"बिनपगारी?"

"तुम्ही आधी तरी कुठे घेत होतात?"

आई आत खुदकन हसली. बाबा हसले नाहीत. "मी प्रत्येक पानावर हरकत घेईन."

"घ्या ना. इकडे चहा पिता पिता जी हरकत घेता, ती सोसायटीच्या ऑफिसात बसून घ्या."

बाबांनी टेबलावरचा चष्मा उचलून लावला. मग म्हणाले, "पार्किंगचं कलम आणलंय का बरोबर?"

काकांनी ते आणलं होतं.

दोघांनी मिळून बिल्डरला इतकं छळलं, की करार तीनदा बदलला आणि सगळ्यांच्या घरांना जादा जागा मिळाली. आता इमारत पाडली आहे. नवी तयार होईपर्यंत आम्ही मुलुंडला भाड्याने राहतो, काका-काकू मुलाबरोबर कल्याणला. जिन्यात भेटणं संपलं. काकांना अलीकडे ऐकू कमी येतं, म्हणून सकाळी फोनवर बाबा त्यांच्याशी ओरडून भांडतात: लिफ्ट कुठल्या कंपनीची, गच्चीला कठडा किती उंच. इथल्या शेजारच्या बाईंनी परवा मला विचारलं, "तुझ्या बाबांचं एवढं कोणाशी वाकडं आहे गं?" आतून बाबांचा आवाज येत होता, "नाही, ते नाही चालणार. उद्या बोलू."