कोरफडीवरचा चुना

स्पिरिटचा वास आला की मला आमच्या परळच्या चाळीतली गॅलरी आणि पत्नीने माहेराहून आणलेली कोरफड आठवते. त्या वर्षी गणपतीआधी वरच्या बिऱ्हाडात भिंतींना चुना लावणे चालू होते आणि इकडे कोरफडीच्या बेचक्यांत पांढरे पुंजके दिसू लागले. पाने सुकत चालली, तेव्हा माझा संताप अनावर झाला. मालमत्तेच्या हेतुपुरस्सर नुकसानीबद्दल चाळ समितीच्या नावे तीन प्रतींत तक्रार लिहून मी ती पत्नीला वाचून दाखवली. तिने माझेच वाचायचे भिंग माझ्या हाती दिले. ‘‘अहो, चुन्याला पाय असतात का?’’ पुंजका खरोखरच चालत होता. ‘‘पिठ्या ढेकूण आहेत हे. पत्र राहू द्या, फक्त आरोपी बदला,’’ असे म्हणून तिने कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि तान्ह्या मुलाचे कान पुसावेत तसे एकेक पान पुसून काढले. मी कुंडी धरून उभा राहिलो. चार रविवार हे चालले आणि कोरफड वाचली. पत्नीला जाऊन आता तीन वर्षे झाली. कोरफडीवर एकही कीड नाही, तरीही दर रविवारी मी स्पिरिटच्या बोळ्याने तिचे प्रत्येक पान पुसतो. कुंडी मात्र दुसऱ्या हाताने मलाच धरावी लागते.