अग्निया मावशीचा मखमली पडदा

पडदा वर जातो. सोव्हिएत रशियातल्या उरल भागातल्या आमच्या नाट्यगृहाचं प्रवेशदालन. झुंबराखाली लाल कापड घातलेलं लांब टेबल, त्यावर मतपेटी, कोपऱ्यात चहाच्या पाण्याचा वाफाळणारा समोवार. साल एकोणनव्वद, मार्चमधला रविवार. बाहेर बर्फाचा चिखल झालेला. उजवीकडे मतदानाचा लाकडी आडोसा, त्याला गर्द लाल मखमलीचा पडदा, आणि पडद्याशेजारी दातांत टाचणी धरून उभी असलेली ती बुटकी बाई म्हणजे अग्निया तिखोनोव्हना. नाट्यगृहाची शिंपीण, सगळ्या गावाची अग्निया मावशी.

चाळीस वर्षांत तिच्या हातून एकही राजा किंवा भिकारी तुटक्या बटणाने रंगमंचावर गेला नव्हता. मतदान केंद्राची प्रमुखही तीच, बावीस वर्षं. तो मखमली पडदा तिनेच शिवला होता आणि अजून नवाकोरा होता. कारण आत जाणार कोण? चिठ्ठीवर पक्षाने दिलेलं एकच नाव. चिठ्ठी घ्यायची, तशीच पेटीत टाकायची, की झालं मत. नाव खोडायचं असेल तरच आडोशात जायचं. आणि जो आत जाई, त्याच्याकडे सगळं दालन वळून बघे. जे आलेच नाहीत, त्यांच्या चिठ्ठ्या संध्याकाळी मावशीच टाकायची. आकडा नव्याण्णव टक्क्यांच्या खाली गेला तर वरून फोन यायचा. या कामाबद्दल मात्र ती कधी कुणाशी बोलली नाही.

यंदा मॉस्कोने नियम बदलला होता. प्रत्येकाने आडोशातूनच जायचं. काही गावांत दोन-तीन उमेदवार होते. आमच्याकडे एकच, जिल्ह्यातल्या पक्षाचे मुख्य सचिव. अर्ध्याहून जास्त मतं हवीत, एवढीच अट. साहेब निर्धास्त होते.

दिवसभर पडदा सरकत राहिला, पेन्सिली झिजत राहिल्या. आठ वाजता पेटी उघडली. मोजायला म्हातारा विनोदी नट प्लातोन येगोरिच बसला.

"खोडलंय. खोडलंय. हेही खोडलंय. अग्निया, अगं याने तर कागद फाटेस्तोवर खोडलंय! आणि इथे लिहिलंय, 'आधी साबण द्या.'"

नऊशे चाळीस चिठ्ठ्या, त्यातल्या सहाशे बारांवर काट.

"एकटाच धावला आणि दुसरा आला!" प्लातोन मांडीवर थाप मारून हसला.

"हळू हस मेल्या, कुणी ऐकेल."

"ऐकू दे की! सहाशे बारा जणांना अटक करणार का?"

तेवढ्यात दार उघडलं. पक्ष कार्यालयातला गेर्मान लेओनिदिच आत आला. त्याने केसाळ टोपी काढली, आकडा पाहिला आणि हळूच खुर्ची ओढली.

"तिखोनोव्हना, पेन्सिलचीच काट आहे. खोडरबर असेल ना?"

"शिंपिणीकडे कात्री असते."

"थट्टा नको. सरकारी घरांच्या यादीत तुमचं नाव तिसरं आहे. मे महिन्यात चाव्या मिळतील. स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचं न्हाणीघर. अकरा वर्षं थांबलात, आता एका आकड्यासाठी घालवणार?"

मावशी एका खोलीत राहायची. चूल पाच कुटुंबांत एक, न्हाणीघरापुढे रोज सकाळी रांग. त्या स्वयंपाकघरासाठी तिने पडदेसुद्धा शिवून ठेवले होते, पिवळ्या फुलांचे.

"गेर्मान लेओनिदिच," ती म्हणाली, "बावीस वर्षं मी तुम्हाला खोटी मापं दिली. तुम्ही ती वर पाठवलीत, वरच्यांनी आणखी वर. त्या मापांवर तुम्ही सगळ्या देशाचा कोट बेतलात. आता पाठीवर उसवतोय, तर मला म्हणता खोडरबर आण?"

"मला कळत नाही का हो?" तो थकून म्हणाला. "दार वरच्यांनीच उघडलं. त्यांना वाटलं, लोक टाळ्या वाजवून घरी जातील."

मावशीने लेखणी घेतली, सहाशे बारा हा आकडा आधी अंकांत, मग अक्षरांत लिहिला आणि खाली पूर्ण नावाने सही केली. प्लातोन उठला आणि पहिल्या रांगेतला प्रेक्षक टाळ्या वाजवतो तशा त्याने टाळ्या वाजवल्या. एकटाच, पण खणखणीत.

मे महिन्यात तिचं नाव यादीत एकसष्टावं निघालं. पिवळ्या फुलांचे पडदे तिने नाटकाला देऊन टाकले. अडीच वर्षांनी नाट्यगृहावरचा लाल झेंडा उतरला. टीव्हीवर मोठमोठी माणसं सोव्हिएत संघ कोसळल्याची कारणं सांगत होती: तेलाचे भाव, युद्ध, मॉस्कोतली भांडणं, एकेक प्रजासत्ताक वेगळं होणं. प्लातोन चहात साखर ढवळत म्हणायचा, "असेल, असेल. पण आमच्या गावात ते अग्नियाच्या पडद्यामागे सुरू झालं." मावशी त्याला दटावायची, आणि ताठ मानेने शिवत राहायची.

त्र्याण्णवच्या डिसेंबरात ती काठी टेकत मत द्यायला आली. ते तिचं शेवटचं मतदान; जानेवारीत ती गेली. टेबलावरची तरुण पोरगी म्हणाली, "मावशी, हा पडदा किती मळलाय बघा, कडही झिजलीय. नवा लावू का?"

मावशीने त्या तेलकट कडेवरून हात फिरवला.

"राहू दे गं, मळू दे. नवाकोरा होता ना, तेव्हा मला त्याची लाज वाटायची."