माणूस भेटेपर्यंत

सिंगापूरमध्ये निवृत्त होण्याचा सगळ्यांत अयशस्वी प्रयत्न कोणी केला असेल, तर तो आमच्या आतोबांनी. आतोबा म्हणजे माझ्या बायकोच्या आत्याचे यजमान. मूळचे कामठीचे, पण उभी हयात गेली सेम्बावांगच्या एका यार्डात, जहाजांच्या पोटात शिरून वेल्डिंग करण्यात आणि पुढे ते करणाऱ्यांवर ओरडण्यात. निवृत्तीच्या दिवशी त्यांना एक घड्याळ, एक केक आणि पुष्कळ टाळ्या मिळाल्या. तो केक फ्रिजमधून संपायच्या आतच, म्हणजे पुढच्या सोमवारी, आत्या ब्लॉकखालच्या बेकरीत पाव आणायला गेल्या, तर काउंटरच्या मागे डोक्याला जाळीची टोपी लावून आतोबा उभे! "तुम्ही इथे काय करून राहिले?" आत्यांनी विचारलं. आतोबा शांतपणे पावाचा ट्रे सरकवत म्हणाले, "बाहेर पाटी होती, माणूस पाहिजे म्हणून. मी माणूसच आहे ना?"

काही लोकांना रक्त बघवत नाही, तशी आतोबांना ही पाटी बघवत नाही. इथे ती जिकडेतिकडे असते. कॉफी शॉपच्या खांबावर, सुपरमार्केटच्या दारावर, फुलांच्या दुकानाच्या काचेवर. आपण वाचतो आणि पुढे जातो. आतोबांची पावलं मात्र तिथे अडतात. ते चष्मा वर करून पाटी वाचतात, तिचा कागद पिवळा पडला असेल तर हळहळतात, आणि आत जाऊन मालकाला सांगतात, "मी येतो. माणूस भेटेपर्यंत." त्यांची एकच अट असते. माणूस मिळाला की त्याला आठवडाभर काम शिकवायचं आणि निघायचं. अशी किती कामं झाली त्याची गणती आत्यांनीही सोडून दिली आहे. सुपरमार्केटमध्ये ट्रॉल्या लावायला होते, तेव्हा त्या ओळी इतक्या सरळ असत, की एखादी ओढून ओळ मोडायचा गिऱ्हाइकांना धीर होत नसे. बायका हातात टोपल्या घेऊन आत जात. हॉकर सेंटरवर, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, ट्रे आवरायला होते, तेव्हा जेवणारा शेवटचा घास घेईपर्यंत ते त्याच्याकडे अशा प्रेमाने बघत उभे राहायचे, की माणूस घाईघाईत सूप संपवून जीभ पोळून घ्यायचा. तिथे त्यांच्या जागी आलेला नवा माणूस तिसऱ्या दिवशीच गेला. जाताना म्हणाला, काम ठीक आहे, पण या अंकलची तपासणी सोसत नाही. आतोबांना पुन्हा दीड महिना तिथेच राहावं लागलं आणि ते इतके खूश झाले, की मला संशय आला.

अशा माणसाचे कामाविषयीचे विचार ठाम असतील अशी तुमची समजूत होईल. माझीही होती. मी बुओना व्हिस्टाच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसतो, आठवड्यातले दोन दिवस घरून काम करतो. त्या दोन दिवसांपैकी एखाद्या दिवशी आतोबा आले, की आमच्या बेडरूमच्या दाराशी उभं राहून विचारतात, "जावईबापू, काम करून राहिले की लपून राहिले?" मग आजकालच्या पोरांवर अर्धा तास. पोरांना घाम नको, पोरांना पंखा पाहिजे, पोरांना खुर्ची पाहिजे, आणि कामाच्या जागी खुर्ची ठेवूच नये कारण ती माणसाला हाक मारते. मी मान डोलावून "खरं आहे, लोकांना कामच नको आहे हल्ली," असं म्हटलं, की हेच आतोबा उसळून माझ्या अंगावर येतात. "कोणाले नको आहे? तुम्ही विचारलं का त्याले? पगार किती लिहिला होता पाटीवर?" एकदा तर त्या पहिल्या बेकरीत त्यांनी स्वतःच मार्कर घेऊन पाटीवरचा पगार खोडला आणि मनाने वाढवून लिहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन जण दारात हजर. मालकाने तिघांतली एक बाई ठेवून घेतली, वाढीव पगार निमूट दिला, आणि आतोबांना तिला काम शिकवायलाही न ठेवता त्याच दिवशी काढून टाकलं. आतोबा घरी आले ते पेढे घेऊन. आम्ही अभिनंदन करावं की सांत्वन, हे आम्हाला कळेना. आम्ही पेढे खाल्ले.

माझ्या ऑफिसात एक जागा सहा महिने रिकामी होती. हे मी जेवताना बोलून गेलो, ते चुकलंच. आतोबांनी चमचा खाली ठेवला. "जाहिरातीत काय लिहिलं?" मी म्हटलं, "डायनॅमिक माणूस पाहिजे, असं." "डायनॅमिक म्हणजे?" मी जरा विचार केला आणि खरं ते सांगून टाकलं, "म्हणजे, दोन माणसांचं काम करणारा." "मग दोन पगार लिहिले का?" मी वरणभात कालवू लागलो. मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "तोपर्यंत मी येऊन बसू का? मला ते कॉम्प्युटरचं येत नाही, पण खुर्ची रिकामी बरी नाही दिसत." बायको पाणी आणायच्या निमित्ताने उठून गेली आणि किचनमध्ये हसत राहिली. मला हसू येईना. खुर्चीच्या विरोधात असलेला माणूस माझ्या ऑफिसच्या खुर्चीसाठी इतका कळवळलेला का, हे कोडं मला त्या रात्री झोपताना काही केल्या सुटलं नाही.

पण या झाल्या सगळं गमतीचं होतं तोवरच्या गोष्टी. पुढची जरा वेगळी आहे.

आतोबांना एकच मुलगी. तिला सगळे बेबी म्हणतात. सेम्बावांगलाच वाढलेली, त्यामुळे मराठी बोलता बोलता वाक्याच्या शेवटी सिंगापुरी 'ला' लावणारी. हॉटेलचं शिकायला म्हणून अमेरिकेला गेली, तिथे लग्न केलं, आणि नवऱ्याच्या गावी, मक्याच्या शेतांच्या मधोमध असलेल्या एका लहान गावात, एका म्हाताऱ्याचं नाश्त्याचं हॉटेल विकत घेतलं. अंडी, पॅनकेक, बटाटे आणि दिवसभर कॉफी. आतोबांना याचा केवढा अभिमान! आयुष्यभर साहेबाच्या हुकुमाची वाट बघत उभं राहिलेल्या माणसाची मुलगी मालक झाली होती. यार्डातल्या जुन्या मित्रांना ते हॉटेलचा फोटो दाखवायचे, आणि फोटोत हॉटेलपेक्षा समोर उभ्या असलेल्या मोटारीच जास्त दिसायच्या तरी कोणी काही बोलायचं नाही. मग गेल्या वर्षी बेबीच्या फोनची तऱ्हा बदलली. "बाबा, माणसंच मिळत नाहीत. कोणाला कामच करायचं नाही, ला. सांगतात उद्या येतो आणि येतच नाहीत." तीन वेटर बाया गेल्या, आचारी गेला, आणि ती स्वतःच अंडी तळून स्वतःच बाहेर नेऊन देत होती. आतोबांनी दीड महिन्याचं तिकीट काढलं. आत्यांनी सांगितलं, "जा, पण ते कामाचे हातमोजे इथेच ठेवून जा." त्यांनी ठेवले, आणि चांगी एअरपोर्टवर नवे विकत घेतले.

तिथे पोचल्यावर पहिल्याच सकाळी बेबीने त्यांना बजावलं, की तुम्ही पाहुणे म्हणून आला आहात, व्हिसा पाहुण्याचा आहे, इथे कपबशीला हात लावायचा नाही. कोणी बघितलं तर मला भोवेल. त्यांची अवस्था काय झाली असेल याची कल्पना मी करू शकतो, कारण त्यांनी मला रोज फोन केला. "जावईबापू, दारावरच पाटी आहे. माणूस पाहिजे. आणि मी आत बसून कॉफी पिऊन राहिलो." काउंटरच्या टोकाच्या स्टुलावर ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे. असह्य झालं की बाहेर फिरायला जायचे, तर तिथे आणखी पंचाईत. "औषधाच्या दुकानावर पाटी, न्हाव्याच्या दुकानावर पाटी, शाळेच्या बसवर पाटी. हे पूर्ण गावच पाटी लावून बसलं आहे बाप्पा. माणसं गेली कुठे?"

ते शोधायला ते निघाले. काम करायला बंदी होती, विचारायला नव्हती. त्या हॉटेलात जुन्या मालकाच्या काळापासून बारा वर्षं काम केलेली एक बाई गावातच राहत होती. तीन गेल्या त्यांतली ती पहिली. आतोबा चालत तिच्या घरी गेले, आपण कोण ते सांगितलं. बाईने त्यांना व्हरांड्यात बसवलं, लिंबाचं सरबत दिलं, आणि काही न लपवता बोलली. मुलगी तुमची चांगली आहे, म्हणाली. पण दर रविवारी संध्याकाळी पुढच्या आठवड्याची पाळी कळवते. माझी आई अंथरुणाला खिळलेली. तिच्यापाशी कोणाला बसवू, हे मला आदल्या दिवशी कसं ठरवता येणार? हायवेवर मालाचं मोठं गोदाम झालं आहे, तिथे पगार जास्त आणि महिनाभराच्या पाळ्या आधी लिहून देतात. मला पॅनकेकचा वास आवडतो, पण काय करू? आतोबांनी तिला विचारलं, "म्हणजे तुला काम नको, असं नाही?" ती म्हणाली, "मी आठवड्याचे सहा दिवस काम करते. कोण म्हणतं मला काम नको?"

आतोबांना वाटलं, सापडलं. बेकरीतल्यासारखं सापडलं. संध्याकाळी जेवताना त्यांनी बेबीला सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, "पगार वाढव, पाळ्या आधी सांग. बघ कशी रांग लागते." बेबीने ताट बाजूला सारलं. "बाबा, मी चौदा महिने स्वतःला एक डॉलर घेतलेला नाही. अंडी महागली. पॅनकेकचे भाव वाढवले तर जे चार म्हातारे येतात तेही यायचे नाहीत. गिऱ्हाईक कधी येणार हे मला शनिवारपर्यंत कळत नाही, तर मी पाळ्या कुठून सांगू? तुम्ही माझ्याकडे आलात की तिच्याकडे? कोणाच्या बाजूचे आहात तुम्ही?" आणि ती रडायला लागली. आतोबांनी तिला लहानपणी पडल्यावर रडताना पाहिलं होतं, तेव्हा काय करायचं ते माहीत होतं. या वेळी त्यांनी उठून ताटं विसळायला घेतली. निदान घरातली ताटं विसळायला व्हिसाची आडकाठी नव्हती.

ठरल्यापेक्षा दोन आठवडे आधीच ते परत आले. मी एअरपोर्टवर घ्यायला गेलो होतो. गाडीत मी विचारलं, "मग आतोबा, चूक कोणाची म्हणायची?" माझ्या प्रश्नाला त्यांचं अर्ध्या तासाचं उत्तर ठरलेलं असतं. या वेळी ते खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाले, "त्या बाईचंही खरं आहे. बेबीचंही खरं आहे. दोघींचं खरं असल्यावर हॉटेल काऊन बुडून राहिलं, तेच समजून नाही राहिलं." ऑफिसातल्या त्या एका रिकाम्या जागेसाठी तेवीस लोकांच्या मुलाखती घेतलेला मी मॅनेजर, मलाही समजलं नव्हतं.

चार महिन्यांनी हॉटेल बंद झालं. बेबीने यंत्रं विकली, देणी फेडली, आणि कामाला लागली ती हायवेवरच्या त्याच गोदामात, संध्याकाळच्या पाळीला. ती सरबतवाली बाई तिथे आता पाळीची प्रमुख होती; पहिले दोन आठवडे बेबीला काम तिनेच शिकवलं. हे कळलं तेव्हा आतोबांनी यार्डातल्या मित्रांना सांगितलं नाही. त्यांना लाज वाटली असं मी म्हणणार नाही, कारण पाट्या बघून ट्रे उचलायला जाणाऱ्या माणसाला कामाची कसली लाज? पण फोटो दाखवणं थांबलं. त्यांना काय वाटतं असं विचारलं, तर ते आत्यांनी सांगितल्याचं निमित्त करून भाजी आणायला निघून जायचे.

गेल्या रविवारी सकाळी आम्ही सेम्बावांगला त्यांच्याकडे होतो. आत्यांनी तर्री-पोहे केले होते. फोन वाजला, बेबीचा होता. तिकडे शनिवारची रात्र, तिची जेवणाची सुट्टी. आतोबा फोन घेऊन बाहेर कॉरिडॉरमध्ये गेले. जाळीच्या दारातून दिसत होते. बोलत कमी होते, ऐकत जास्त. मग "नाही, नाही" असं जोरात म्हणाले आणि फोन संपला, कारण तिची सुट्टी संपली होती. तरी ते आत येईनात. पोहे निवायला लागले तसा मी बाहेर गेलो.

"काय म्हणते बेबी?"

"बरी आहे. पगार वेळेवर भेटते म्हणते." ते कठड्याला हात लावून खाली बघत होते. "उभं राहावं लागते दहा तास. मला विचारून राहिली होती, बाबा, तुम्ही यार्डातून यायचे तेव्हा तुमचे पाय दुखायचे का?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"नाही म्हटलं."

आतून आत्यांचा आवाज आला. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. "तीस वर्षं रोज संध्याकाळी गरम पाण्याची बादली मी कोणासाठी भरत होते मग?" त्या चिडून बोलल्या, आणि पोह्यांवर झाकण आपटल्याचा आवाज आला.

आतोबांनी माझ्याकडे बघितलं. कामाविषयी माझं मत त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही मागितलं नव्हतं. "जावईबापू," ते हळूच म्हणाले, "नाही म्हटलं ते बरोबर केलं ना?"

मी त्यांच्याशेजारी कठड्याला टेकून उभा राहिलो.