चार नंबरची डबी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या साडूंच्या चेहऱ्याचं ऐन त्यांच्या मुलीच्या लग्नात जे झालं, ते माझ्यामुळे झालं. पण त्याआधी साडू हे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. जगात माणसं दोन तऱ्हांनी म्हातारी होतात, कुरकुरत किंवा निमूटपणे. आमचे साडू मात्र लेखी हरकत नोंदवून म्हातारे होत होते.

वजनमापे खात्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर तपासायला तराजू उरले नाहीत, तेव्हा त्यांनी आरशासमोर उभं राहून स्वतःचा चेहरा तपासायला घेतला आणि त्यात त्यांना बरीच तफावत आढळली. उपाय म्हणून सुरकुत्या रोखणारी, रात्री लावायची क्रीम घ्यायचं ठरलं. अटी तीन. स्वस्त हवी, वास नको आणि कातडीला झेपली पाहिजे. यातली तिसरी अवघड, कारण साडूंची कातडी सरकारी फायलीसारखी, कशानेही अडायची. नवा टॉवेल लागला की लाल, कोणी प्रेमाने अत्तर लावलं की लाल. वारज्यातल्या औषधांच्या दुकानात ते भिंग घेऊन जात आणि डबीमागची बारीक अक्षरं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत. दुकानदार एकदा वैतागून म्हणाला, "काका, वाचनालय पुढच्या चौकात आहे." साडू भिंगावरून नजर न हटवता म्हणाले, "तिथे पुस्तक उघडून दाखवतात हो." दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. "रात्रीची क्रीम म्हणजे नेमकी कधीची? मी दुपारी एक ते चार झोपतो. ते धरायचं का?" दुकानदार शटर ओढत म्हणाला, "धरा. आम्हीही झोपतो, एक वाजलाय."

त्यांची मुलगी हिंजवडीला नोकरी करते. तिने एकदा फोनवर समजावलं, "बाबा, रेटिनॉल डायरेक्ट रोज नाही लावायचं. वाटाण्याएवढं घ्यायचं, वीकमधून दोनदा. आणि सकाळी सनस्क्रीन मस्ट!" साडूंनी विचारलं, "कोणता वाटाणा? हिरवा की पांढरा? कोरडा की भिजवलेला?" तिने फोन ठेवला. साडूंनी दहा वाटाणे मोजपट्टीवर मांडून सरासरी काढली.

त्यांची निवडीची पद्धत खात्याच्या शिस्तीतली. हाताच्या आतल्या बाजूला बॉलपेनने रुपयाएवढं वर्तुळ काढायचं, त्यात नंबर घालायचा, सात दिवस तिथेच क्रीम लावायची आणि रोज वहीत नोंद. एक नंबरने खाज आली. दोन नंबरने वर्तुळाबाहेर अतिक्रमण केलं. तीन नंबर कातडीला चक्क मानवली, पण तिची बरणी दुहेरी बुडाची निघाली, बाहेरून दिसायला मोठी आणि आत माल चिमूटभर. "वजन छापलंय तेवढंच आहे, मान्य," साडू म्हणाले, "पण डोळ्यांना फसवते ती. असली वस्तू मी तोंडाला लावू?" तीन नंबर बाद.

उरली चार नंबर. मुलीचं लग्न बारा दिवसांवर आलेलं आणि साडूंचे दोन्ही हात लालभडक. तेव्हा त्यांना आठवलं की दाढीचा फेस बदलला की माझेही गाल पेटतात. "साडूबुवा, आपण कातडीबंधू," असं म्हणून त्यांनी माझा डावा हात ओढला आणि वर्तुळ काढायला घेतलं. मला हसू आवरत नव्हतं. "अहो, एकसष्टाव्या वर्षी कोणाला दाखवायचाय चेहरा?" मी म्हणालो. त्यांनी वर्तुळ नीट पूर्ण केलं. मग आत चारचा आकडा घालता घालता म्हणाले, "कन्यादानाला जोडपं लागतं, ते तुम्ही दोघं करताय. उपकार आहेत. मला फक्त एक फोटो हवाय. मधे पोरगी, शेजारी मी, माझ्या हातात हिची तसबीर. ही बेचाळीसवर थांबली हो. मी हा असा शेजारी उभा राहिलो, तर हिचा बाप वाटेन."

मेहुणीला जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मी मान डोलावली. त्यांनी स्टीलच्या चिमुकल्या डबीत चार नंबर काढून दिली, ती मी जपून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी स्वारगेटच्या ऑफिसात बाही वर गेली आणि शेजारचा ओरडला, "काय साहेब, गोंदण? आणि चार म्हणजे? चौथी बायको का?" अख्खा विभाग हसला. मी बेसिनवर जाऊन साबणाने वर्तुळ घासून काढलं. डबी कपाटात मोज्यांच्या मागे गेली, ती उघडलीच नाही. बावन्न वर्षांच्या माणसाला एवढीशी थट्टा सोसवली नाही, एवढंच कारण.

साडूंचा फोन मात्र रोज सकाळी सात दहाला यायचा.

"खाज?"

"नाही."

"लाली?"

"नाही."

"आग?"

"अजिबात नाही."

"छान. वहीत घेतो."

सात दिवस हे चाललं. यातलं एकही उत्तर शब्दशः खोटं नव्हतं, आणि मी त्यावर बरीच वर्षं स्वतःची समजूत घातली आहे.

लग्नाला चार दिवस असताना साडूंनी सरासरी वाटाण्याएवढी चार नंबर चेहऱ्याला लावली. सकाळी मी गेलो तेव्हा पापण्या सुजून डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या, गाल सोललेल्या बिटासारखे. डॉक्टर म्हणाले, सगळं बंद ठेवा, उतरायला आठवडा तरी लागेल. त्याच वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण साडूच म्हणाले, "तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. तुमच्या हाताने चोख काम केलं. माझ्याच कातडीत खोट आहे."

तो फोटो त्यांच्या हॉलमध्ये आहे. तसबीर छातीशी धरायची ठरली होती, ती साडूंनी तोंडासमोर धरली आहे. त्यामुळे मधे नवरी आणि शेजारी साडूंच्या कोटावर मेहुणीचा चेहरा, बेचाळीस वर्षांचा, हसरा. "बरं झालं," ते पाहुण्यांना सांगतात, "वयाचा प्रश्नच मिटला." पाहुणे हसतात. मी पाणी प्यायला आत जातो.

आता साडू काहीच लावत नाहीत. दुकानदार मागे एकदा मला म्हणाला, "काका आजारी आहेत का हो? डब्या वाचायला येत नाहीत." सुरकुत्या यायच्या तेवढ्या आल्या आहेत, आणि खरं सांगायचं तर त्या त्यांना शोभतात. वही त्यांनी मला वाचायला दिली होती. शेवटची नोंद अशी: 'चार नंबर. साडूबुवांच्या हातावर निर्दोष. विश्वासार्ह.'

डबी अजून माझ्या कपाटात आहे, मोज्यांच्या मागे. त्यांना मी सात दिवसांची एकवीस खरी उत्तरं देणं लागतो.